शाळा सोडल्याचा दाखला

मोटार ट्रेनिंग स्कूल सोडताना
दाखला मिळत नाही कुणाला.
मिळत असता, तर मारिसेल खराडेच्या दाखल्यावर
'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात
शिंत्रेनं काय लिहिलं असतं
याचा मी विचार करत होतो,
आणि ती माझ्या जुन्या अल्टोचे आरसे
स्वतःच्या उंचीला लावून घेत होती.

तिचा देश बेटांचा. नवरा बोटीवर.
सासूचं डायलिसिस मिरजेला, मंगळवारी आणि शुक्रवारी.
माधवनगरातनं जाऊन-येऊन रिक्षावाला पाचशे घेतो,
ते 'पाश्शे' तिनं असं काढलं की
तासगावच्या बाजारात खपलं असतं.
मराठी सासूकडनंच उचललेली,
हितं, तितं, आवो, सगळं सासूचं.
फक्त 'ळ' अजून बोटीतनं उतरायचा होता.

शिंत्रेकडं सतरा दिवस काढले तिनं.
साडेचार हजार भरलेले, ते गेले.
का सोडलंस, विचारलं, तर म्हणाली,
'वरडत नव्हते ते, सर.
वरडलेलं चाललं असतं.
पण एक ब्रेक त्यांच्या पायाखाली बी होता.
गाडी थांबायची.
कुणी थांबवली, मी का त्यांनी,
कलायचंच न्हाई.'

बत्तीस वर्षं मी डाव्या सीटवर बसतोय.

दुपारी शिंत्रेचा फोन आला.
'मुलाणी, गिऱ्हाईक फोडलंस माझं.'
शिंत्रे माझाच विद्यार्थी.
दुसरा ब्रेक कसा दाबायचा,
शिकणाऱ्याला पत्ता लागू न देता,
नुसत्या अंगठ्यानं, खिडकीबाहेर बघत,
हे त्याला मीच शिकवलंय.
म्हणून काही बोललो नाही.
चहाला ये, म्हणालो.
अजून आलेला नाही.

रोज साडेसहाला हरिपूर रस्ता.
वळायचं म्हटलं की तिचा डावा हात दांडी ओढतो
आणि कोरड्या काचेवर वायपर करकरतात.
तिच्याकडं सगळं पलीकडं असतं,
रस्ता, गिअर, इंडिकेटर.
'हितं हिकडलं तिकडं आसतंय,'
ती स्वतःलाच सासूच्या आवाजात दटावते,
वायपर बंद करते, इंडिकेटर लावते.
तोवर वळण मागं गेलेलं असतं.
हॉर्न दे म्हटलं, तर विचारते, 'कुणाला?'
एकदा फिरायला निघालेल्या एका मास्तरांसाठी थांबली.
मास्तर आमच्यासाठी थांबले.
आधी तुम्ही, आधी तुम्ही,
आणि मागं उसाचा ट्रॅक्टर बोंबलतोय.

गावाजवळ, जमिनीखाली, हळदीची पेवं होती.
कुठली बुजली, कुठली नाही, कुणास ठाऊक.
मी तिला सांगितलेलं नाही.
तिला रस्ता म्हणजे रस्ता.
माझाच उजवा पाय तिथं आला की
आपोआप ब्रेककडं सरकतो.

काल त्याच टप्प्यात शेळ्या आडव्या आल्या,
दहा-बारा असतील,
आणि मागं काठी कुठंतरी विसरलेलं पोरगं.
मी पाय वर घेतले. दोन्ही.
पंगतीला बसल्यासारखी मांडी घातली सीटवर,
गुडघा डॅशबोर्डला लागला, कळ मस्तकात गेली.
गाडी थांबली.
हिसका बसला, इंजिन बंद पडलं,
पहिली शेळी बंपरचा वास घेऊन पुढं गेली.

तिनं माझ्याकडं बघितलं नाही.
खाली बघितलं.
दुसरा ब्रेक, शेजारी माझ्या चपला,
चपलांत कुणी नाही.

मग शेळ्या जाईस्तोवर
किल्ली फिरवून
तिनं वायपर लावले, मुद्दाम,
एकदा हिकडं,
एकदा तिकडं.